वर्ण आणि प्रकाश

कलावंताने आपल्या समाजाचे ऋण कोणत्या रीतीने फेडावे, हा वाद आपल्याकडे वाङ्मयाच्या बाबतीत पुष्कळ वेळा रंगला आहे. चित्रकलेच्या बाबतीत तो फारसा कोणी काढीत नाही. आमच्यापुरता तो निघाला तो वर्गात, आणि तोही एका विद्यार्थ्याच्या अगदी साध्या प्रश्नातून. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांविषयी बोलणे चालले असता, त्या समाजातील पहिला जगन्मान्य चित्रकार म्हणून आम्ही हेन्री ओसावा टॅनर याच्या काही चित्रांच्या प्रतिकृती वर्गास दाखविल्या. यहुदी कुमारिका, पॅलेस्टाईनमधील दगडी घरे, येशू आणि त्याचे शिष्य अशी चित्रे एकामागून एक पुढे सरकत होती. इतक्यात मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, चित्रकार काळा, मग चित्रांत काळी माणसे कुठे आहेत?" वर्ग हसला. आम्ही जे उत्तर दिले ते ठरीव प्राध्यापकी थाटाचे होते: कलेस जात नसते, कलावंत विश्वाचा नागरिक असतो, इत्यादी. मुलगा खाली बसला. पण त्याचे समाधान झाले नव्हते हे त्याच्या मुद्रेवर दिसत होते, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नास उशिरा दिलेले, आणि पहिल्याहून निराळे, असे उत्तर आहे.

टॅनरचा जन्म 21 जून 1859 रोजी पिट्सबर्ग येथे झाला. आई सेरा ही गुलामगिरीत जन्मलेली. दक्षिणेकडून पळालेल्या गुलामांस गुप्तपणे उत्तरेत पोहोचविणाऱ्या परोपकारी मंडळींच्या साहाय्याने ती मुक्त प्रदेशात आली होती. वडील बेंजामिन टकर टॅनर हे 'आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल' या कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र धर्मसंस्थेचे उपदेशक होते. मोठे व्यासंगी, संस्थेच्या नियतकालिकांचे संपादन करणारे. 1888 साली ते तिचे बिशप झाले. मुलाचे मधले नाव त्यांनी कॅन्सासमधील ओसावाटोमी या गावावरून घेतले. तेथे 1856 साली जॉन ब्राउन हा गुलामगिरीच्या कैवाऱ्यांशी लढला होता, आणि टॅनर जन्मला त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या ब्राउनला फाशी झाली. पाळण्यातच ज्याच्या नावाला एवढा इतिहास चिकटला, त्याने पुढे आपल्या समाजाकडे पाठ फिरविली, असा आरोप त्याच्यावर व्हावा हे नवल नव्हे काय?

टॅनरचे बालपण आणि तारुण्य फिलाडेल्फिया शहरात गेले. हे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. याच शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाई जोशी यांनी पदवी घेतली, आणि तो सोहळा पाहण्यास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून तेथे गेल्या. त्या काळी टॅनर त्याच शहरात चित्रे काढून कसाबसा निर्वाह करीत होता. त्याची धाकटी बहीण हॅली हिने पुढे पाच वर्षांनी, 1891 साली, त्याच महाविद्यालयाची पदवी मिळविली, आणि अलाबामा राज्यात वैद्यकीचा परवाना मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली. आपल्या आनंदीबाई आणि चित्रकाराची ही भगिनी या दोघी एकाच पायऱ्या चढून गेल्या, ही गोष्ट आम्हांस कळली तेव्हा टॅनरचे घर एकाएकी जवळचे वाटू लागले. विद्येने मनुष्य वर येतो या श्रद्धेवर जगणारे, देवभीरू, आणि त्या श्रद्धेची कसोटी रोज रस्त्यावर पाहणारे असे ते घर होते.

वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी टॅनरने फेअरमाउंट उद्यानात एका चित्रकारास निसर्गचित्र काढताना पाहिले आणि तेथेच आपला धंदा ठरवून टाकला. 1880 च्या सुमारास तो पेनसिल्व्हेनियाच्या ललितकला अकादमीत दाखल झाला. तेथे टॉमस ईकिन्ससारखा वास्तवनिष्ठ गुरू लाभला. मनुष्याकडे डोळे उघडे ठेवून पाहावे, त्याच्या हाडामांसासकट पाहावे, ही शिकवण त्याचीच. परंतु सहाध्यायी सगळेच त्या तोडीचे नव्हते. त्यांपैकी एकाने पुढे आपल्या आठवणींत मोठ्या मजेने नमूद केले आहे की, एका रात्री विद्यार्थ्यांनी एका कृष्णवर्णीय सहाध्यायास त्याच्याच चित्रफळीच्या घोडीला बांधून भर रस्त्यात सोडून दिले. हा सहाध्यायी टॅनरच असावा असे अभ्यासक मानतात. पुढे अटलांटा येथे त्याने छायाचित्रांचे दुकान घालून पाहिले, ते चालले नाही. अखेर बिशप हार्ट्झेल आणि त्यांच्या पत्नी यांनी त्याची चित्रे विकत घेऊन प्रवासास द्रव्य दिले, आणि जानेवारी 1891 मध्ये तो युरोपास निघाला. जावयाचे होते रोमला. पण वाटेत पॅरिस लागले, आणि तो तेथेच राहिला. कातडीचा रंग पाहून जेथे कोणी जागा बदलून बसत नाही असे शहर त्याने पहिल्यानेच पाहिले असावे.

या पूर्वार्धातील दोन चित्रे अशी आहेत की, आमच्या विद्यार्थ्याने ती प्रथम पाहिली असती तर त्याने तो प्रश्न विचारलाच नसता. पहिले 'बँजोचा धडा', सन 1893. आजाराने टॅनर काही काळ अमेरिकेस परतला होता, तेव्हाच्या सुमाराचे हे चित्र. येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडील मिरवणुकीत वाजणारा बेंजो निराळा. हा बँजो म्हणजे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांनी आपल्या मायदेशीच्या भोपळ्याच्या वाद्यांच्या आठवणीवर अमेरिकेत घडविलेले तंतुवाद्य. पुढे गोऱ्या नटांनी तोंडास काजळी फासून काळ्या माणसाची नक्कल करण्याचे जे खेळ काढले, त्यांत हेच वाद्य विदूषकाच्या हाती दिले गेले. दात विचकणारा, पाय नाचविणारा, उद्याची काळजी नसलेला काळा मनुष्य आणि त्याच्या हातात बँजो, हे चित्र छापील कागदांतून, जाहिरातींतून, रंगभूमीवरून अमेरिकेच्या घराघरात पोहोचले होते. एखाद्या समाजाचे स्वतःचे वाद्य त्याच्याच नालस्तीचे साधन व्हावे, याहून क्रूर थट्टा कोणती?

टॅनरने ते वाद्य त्या थट्टेच्या हातून काढून घेतले. एका लाकडी खोपटात म्हातारा खुर्चीवर बसला आहे. त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये एक लहान मुलगा उभा आहे. वाद्य मुलाला जड आहे, म्हणून त्याचा दांडा म्हाताऱ्याने आपल्या हाताने तोलून धरला आहे. तार मात्र मुलानेच छेडावयाची आहे. दोघांची दृष्टी खाली, वाद्यावर. कोणी हसत नाही, कोणी नाचत नाही, आणि मुख्य म्हणजे दोघांपैकी कोणीही आपल्याकडे, प्रेक्षकाकडे, पाहत नाही. जमिनीवर भांडी, मागे टेबलावर पांढरे कापड आणि त्यावर थोडेसे जेवणाचे सामान. दारिद्र्य आहे, पण ते मांडून दाखविलेले नाही. डावीकडून खिडकीचा थंड, निळसर उजेड येतो. उजवीकडून न दिसणाऱ्या शेगडीचा तांबूस उजेड येतो. आणि हे दोन उजेड त्या दोन मस्तकांपाशी भेटतात. म्हाताऱ्याच्या मुद्रेवर मावळतीची शांती, मुलाच्या मुद्रेवर कष्टाची एकाग्रता. गुरुपरंपरा म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक आहे, अशा आपल्या लोकांस या चित्रावर भाष्य नको. घराण्याचा तंबोरा आजोबाच्या मांडीवरून नातवाच्या मांडीवर जातो, त्या क्षणाचे पावित्र्य येथे आहे. विनोदाचा विषय झालेल्या माणसांस टॅनरने हसू पुसून टाकून त्यांचे मौन परत दिले.

दुसरे चित्र 'कृतज्ञ दरिद्री', सन 1894. पुन्हा एक म्हातारा, एक मुलगा. पुन्हा खिडकीचा उजेड. दोघे जेवणास बसले आहेत. पांढऱ्या कापडावर पांढरी ताटे, आणि त्यांत अन्न जवळजवळ नाहीच. दोघांनी माना खाली घातल्या आहेत, जेवणापूर्वीची प्रार्थना चालली आहे. वरवर पाहणाऱ्यास हे गोड भाविक चित्र वाटेल. रिकाम्या ताटापुढे आभार मानणारे दरिद्री हा धनिकांच्या दिवाणखान्यास शोभणारा विषय आहे, असेही एखादा म्हणेल. तसे म्हणणाऱ्याने टॅनरच्या पित्याच्या धर्मसंस्थेची जन्मकथा आठवावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज देवळात काही कृष्णवर्णीय भक्त गुडघे टेकून प्रार्थना करीत होते. ती जागा गोऱ्यांसाठी आहे असे सांगून देवळाच्या विश्वस्तांनी त्यांस, प्रार्थना पुरी होण्यापूर्वीच, ओढून उठविले. ते सर्वजण देवळातून चालते झाले, ते पुन्हा आले नाहीत. त्या निघून जाण्यातून रिचर्ड ॲलन यांच्या नेतृत्वाखाली 1816 साली ही स्वतंत्र धर्मसंस्था उभी राहिली. ज्यांची प्रार्थना मध्येच तोडली गेली होती, त्यांच्या वंशजाने चित्रात दोन काळी माणसे प्रार्थना करीत बसविली आणि त्यांस कोणी उठवू शकणार नाही अशी तजवीज केली. आता त्या खाली घातलेल्या माना लाचार दिसतात काय? आम्हांस त्या फार ताठ दिसतात.

आपल्या देशबांधवांविषयी टॅनरला काय वाटत होते हे त्याने लिहूनही ठेवले आहे. कृष्णवर्णीयांचे जीवन रंगविणाऱ्या बहुतेकांस त्यातील हास्यास्पद बाजू तेवढी दिसली, खडबडीत देहाआड असलेले मोठे अंतःकरण दिसले नाही, अशी त्याची तक्रार होती. 1893 सालच्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी भरलेल्या आफ्रिकाविषयक परिषदेत अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या कलेवर तो बोलला. (त्याच शिकागोत त्यानंतर काही आठवड्यांनी स्वामी विवेकानंदांचे व्याख्यान झाले.) इतकी स्पष्ट दृष्टी आणि असा सिद्ध हात असलेला चित्रकार या वाटेने जन्मभर जाईल असे कोणासही वाटले असते. पण तसे झाले नाही. 1895 पासून त्याने बायबलातील प्रसंग हाती घेतले, आणि 1937 साली पॅरिस येथे देह ठेवीपर्यंत ते सोडले नाहीत. 'सिंहांच्या गुहेत दानीएल' या चित्राचा 1896 साली पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात सन्मानपूर्वक उल्लेख झाला. 'लाजराचे पुनरुत्थान' यास पुढच्या वर्षी पदक मिळाले आणि फ्रेंच सरकारने ते विकत घेतले. 1923 साली फ्रान्सने त्यास 'लिजन ऑफ ऑनर' दिले. कीर्ती आली, आणि तिच्या मागोमाग आरोपही आला.

तो आरोप करणारा सामान्य मनुष्य नव्हता. ॲलन लॉक हा हॉवर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, हार्लेममधील नवजागृतीचा एक प्रमुख पुरस्कर्ता. 1925 साली आपल्या प्रसिद्ध संग्रहात त्याने लिहिले त्याचा आशय असा की, टॅनरने आपली बुद्धी यहुदी पुराणपुरुषांवर वेचली आणि आपल्या समाजाच्या विषयास प्रौढपणी हात घातला नाही. अशाने कृष्णवर्णीयांची स्वतंत्र कलापरंपरा उभी राहणार नाही. हा आरोप अन्यायाचा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण त्यात तथ्य आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे. 'बँजोचा धडा' ज्याने काढला त्याने तशी आणखी वीस चित्रे काढली असती, तर एका अपमानित समाजास आपल्या प्रतिमेचा केवढा ठेवा मिळाला असता! ती चित्रे आता कोणी काढू शकणार नाही. ते जग, ती खोपटी, गुलामगिरी डोळ्यांनी पाहिलेले ते म्हातारे सारे काळाच्या उदरात गेले. ही हानी खरी आहे, आणि टॅनरचा कितीही कैवार घेतला तरी ती भरून निघत नाही.

मात्र लॉकच्या म्हणण्यातील एक गृहीत आम्हांस मान्य नाही. बायबल हा 'दुसऱ्यांचा' विषय, आणि बँजो तेवढा 'आपला', असे तो धरून चालतो. गुलामांच्या पोटी जन्मलेल्या अमेरिकन कृष्णवर्णीयास हे खरे होते काय? मळ्याच्या मालकाने नेमलेला उपदेशक बायबलातून 'धन्याची आज्ञा पाळा' एवढेच वेचून सांगे. त्याच ग्रंथातून गुलामांनी आपल्यासाठी दुसरेच काही वेचले: मिसरच्या दास्यातून लोकांस सोडविणारा मोशे, सिंहांच्या गुहेतून जिवंत निघालेला दानीएल, भट्टीत न जळालेले तिघे तरुण, चौथ्या दिवशी थडग्यातून उठलेला लाजर. त्यांची सारी भक्तिगीते या नावांनी भरलेली आहेत. आपल्या वारकऱ्यास गजेंद्र आणि प्रल्हाद हे जसे पुराणातले न वाटता शेजारचे वाटतात, तसे त्यांस हे होते. ही पात्रे यहुदी होती खरी. पण तीनशे वर्षांच्या दुःखाने त्यांस कृष्णवर्णीयांच्या कुळात दत्तक घेतले होते. बिशपच्या घरात वाढलेल्या टॅनरने ती रंगविली तेव्हा तो घर सोडून गेला नाही. घराच्या आतल्या खोलीत गेला.

ही दृष्टी ठेवून त्याची चित्रे पुन्हा पाहावीत. लाजराच्या चित्रात अंधारी गुहा आहे, दाटीवाटीने उभी माणसे आहेत, आणि उजेड एकवटला आहे तो कफनाच्या पांढऱ्या वस्त्रावर. मेलेला म्हणून ज्याचा हिशेब बंद झाला होता तो उठून बसतो आहे. गुलामगिरी कायद्याने संपून तीस वर्षे झाली होती, आणि झुंडींनी माणसे फासावर लटकावण्याचा काळ अमेरिकेच्या दक्षिणेत ऐन भरात होता. त्या वर्षांत एका कृष्णवर्णीयाने हा विषय निवडावा याचा अर्थ केवळ धार्मिक होऊ शकत नाही. दानीएलच्या चित्राची जी आवृत्ती आज उपलब्ध आहे तीत बंदिवानाचा चेहरा अर्धवट अंधारात असून उजेड त्याच्या हातांशी उतरला आहे. सिंह काळोखात येरझारा घालीत आहेत. तो लढत नाही, आक्रोशही करीत नाही. उभा आहे, एवढेच. आणि 1899 सालच्या 'निकदेम येशूकडे येतो' या चित्रात, यरुशलेमच्या गच्चीवर, रात्री, एक वृद्ध विद्वान लपतछपत ज्ञानासाठी आला आहे. जिन्यातून वर येणारा दिव्याचा उजेड सांगणाऱ्याच्या अंगावर पडला आहे. गुलामांस अक्षर शिकविणे ज्या प्रदेशात कायद्याने गुन्हा होता, तेथे रात्रीची शाळा आणि रात्रीची प्रार्थना म्हणजे काय होते, हे त्या चित्रकाराच्या आईच्या पिढीने अनुभवले होते.

'धडा' हा शब्द टॅनरच्या सबंध कारकिर्दीतून सोन्याच्या तारेसारखा गेला आहे. बँजोच्या अगोदर त्याने ब्रिटनीमधील मशकवाद्याचा धडा रंगविला. नंतर लाकडी जोडे कोरावयास शिकणारा पोरगा रंगविला. आणि 1910 च्या सुमारास 'ख्रिस्त व त्याची माता धर्मग्रंथ वाचीत आहेत' हे चित्र काढले. माता आणि बालक एका गुंडाळीवर वाकले आहेत, मुलगा अक्षरे जुळवितो आहे. या चित्रासाठी टॅनरने आपली पत्नी जेसी आणि मुलगा यांस समोर बसविले होते. ते 'बँजोच्या धड्या'शेजारी ठेवून पाहावे: तेच एकमेकांकडे झुकलेले दोन जीव, तीच खाली गेलेली दृष्टी, तेच मौन. म्हातारा जाऊन मरिया आली, बँजो जाऊन ग्रंथ आला, आणि धडा तोच राहिला. विषय बदलला असे ज्यांस वाटले त्यांनी वेष बदललेला पाहिला, एवढेच म्हणावयाचे.

आता त्या चित्राकडे वळू, जे पाहून आमच्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला. 1897 साली एका धनिकाच्या साहाय्याने टॅनर मिसर आणि पॅलेस्टाईन हिंडून आला, आणि पुढच्या वर्षी त्याने 'मंगलवार्ता' रंगविली. देवदूत गॅब्रिएल कुमारी मरियेस सांगावयास येतो की तुझ्या उदरी प्रभू जन्म घेईल, तो हा प्रसंग. युरोपातील शेकडो चित्रकारांनी तो रंगविला: सोनेरी पंखांचा गोरापान देवदूत, हातात कमळासारखे शुभ्र फूल, निळ्या रेशमी वस्त्रातील राजकन्येसारखी मरिया, मस्तकामागे तेजोवलय. टॅनरच्या चित्रात यांपैकी काही नाही. दगडी फरशीची साधी खोली, चुरगळलेले अंथरूण, त्याच्या कडेवर झोपेतून उठून बसलेली एक सावळीशी पोर. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा जाडाभरडा झगा, त्याच्या घोळातून डोकावणारी अनवाणी बोटे. हात जुळलेले, मान किंचित कललेली. भीती आहे, पण तिच्याहून मोठे कुतूहल आहे. आणि देवदूत? तो आहे प्रकाशाचा एक उभा, धगधगता स्तंभ. त्याला मुख नाही, पंख नाहीत, देह नाही.

देवदूतास देह का दिला नाही, याची चर्चा कलापंडितांनी आपापल्या परीने केली आहे. आम्हांस जो अर्थ सुचतो तो आमचा म्हणून येथे मांडतो. देह दिला की कातडी आली, आणि कातडी आली की वर्ण आला. हजार वर्षे स्वर्गातून येणारा प्रत्येक दूत गोरा येत होता. ईश्वराचा निरोप कोणत्या रंगाच्या मुखातून यावा हे युरोपच्या चित्रकलेने ठरवून टाकले होते. टॅनरने त्याच्या जागी काळा देवदूत काढला असता तर तो वादाचा विषय झाला असता, कदाचित धाडसाचाही; पण तोही वर्णाच्याच हिशेबात राहिला असता. त्याने हिशेबच मिटविला. प्रकाशास वर्ण नसतो. तो ज्याच्यावर पडतो त्याचा वर्ण मात्र उजळून दाखवितो, आणि कोणाच्या मुखावर पडावयाचे यात भेद करीत नाही. 'कृतज्ञ दरिद्री'मधील म्हाताऱ्याच्या काळ्या कपाळावर खिडकीतून जो उजेड उतरला होता तोच पुढे चार वर्षांनी यहुदी मुलीच्या खोलीत उभा राहिला आहे. म्हणून टॅनरच्या चित्रांत काळी माणसे कोठे आहेत, या प्रश्नाचे उत्तर केवळ मुखे मोजून देता येणार नाही. कोणाकडे पाहावयाचे यापेक्षा कोणत्या उजेडात पाहावयाचे, हे त्याने आपल्या लोकांकडून घेतले होते, आणि तो उजेड त्याने जगातील सर्वात पूज्य कथेवर टाकला.

टॅनरची बाजू घेताना त्याच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. उत्तरायुष्यातील बरीच चित्रे एकाच निळ्या-हिरव्या धुक्यात बुडालेली आहेत. तीच चांदण्याची वाट, तेच पथिक, तीच भाविक उदासी. जेथे 'मंगलवार्ते'त अनवाणी बोटे होती तेथे पुढे पुढे नुसती झुळझुळीत वस्त्रे राहिली. प्रकाश वाढला आणि ज्याच्यावर तो पडावयाचा तो मनुष्य विरळ झाला. ईकिन्सने शिकविलेले हाडामांसाचे भान सुटले की अध्यात्म पातळ होते, हा धडा आपल्याकडील पौराणिक चित्रकारांनीही घेण्यासारखा आहे. दुसरे असे की, परदेशी राहण्याची किंमत त्यास द्यावी लागली. 1914 साली एका अमेरिकन लेखिकेस लिहिलेल्या पत्रात, आपल्या कलेचे सारे मर्म आपल्या वंशात शोधले जाते याबद्दल त्याने खेद व्यक्त केला, आणि वर्णद्वेषाने आपणांस देशाबाहेर घालविले तरी अंतःकरण तेथेच आहे, या अर्थाचे लिहिले. हे वाचून त्यास पळपुटा म्हणण्याचा धीर आम्हांस होत नाही. पॅरिसमध्ये त्याच्या दारी पुढच्या पिढीचे कृष्णवर्णीय चित्रकार येत राहिले. विल्यम एड्वर्ड स्कॉट त्याच्यापाशी शिकला. हेल वुड्रफ त्यास भेटून गेला. म्हणजे बँजोचा धडा चित्रात थांबला तरी घरात चालूच होता.

नियतीचा विनोद असा की, 1996 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाने एका कृष्णवर्णीय चित्रकाराचे चित्र प्रथमच आपल्या कायम संग्रहात घेतले, ते टॅनरचे. आणि ते आहे अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांचे. त्यात काळा वा गोरा, कोणीही मनुष्य नाही. सत्कार करतानाही लोक कोणता विषय सोयीचा म्हणून निवडतात, हे यावरून ध्यानात येईल.

शेवटी एक शब्द आपल्याविषयी. टॅनर चौदा वर्षांचा होता त्या 1873 साली जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला. तेथील दुःखाचे आणि येथील दुःखाचे नाते मराठीत इतक्या पूर्वी ओळखले गेले होते. त्यानंतर शंभर वर्षांनी येथील पददलितांतून कवी उठले, लेखक उठले, आणि आम्ही पांढरपेशा वाचकांनी त्यांचे स्वागत केले. पण स्वागत करताना आम्ही त्यांच्याकडे मागितले काय? जखम दाखवा, म्हणून मागितले. त्यांपैकी एखाद्याने पावसावर लिहिले, प्रेमावर लिहिले, देवाशी एकांतात बोलणे केले, की आम्हांस चुकल्यासारखे होते. हा आपल्या विषयावरून सरकला, असे आम्ही म्हणतो. या दोषातून प्रस्तुत लेखकही सुटलेला नाही. अशा काही परीक्षणांची आज आम्हांस लाज वाटते. लॉकने केलेली मागणी निदान आपल्या माणसाने आपल्या माणसाकडे केलेली होती. तीत तळमळ होती. आमची मागणी बाहेर बसून केलेली असते. एकाने दुःख सोसावयाचे, दुसऱ्याने ते रसिकतेने वाचावयाचे, आणि जगातील उरलेले सारे विषय दुसऱ्यानेच वापरावयाचे, ही वाटणी न्यायाची नव्हे.

आणि तरीही ज्याने प्रश्न विचारला तो विद्यार्थी चुकला असे आम्ही म्हणणार नाही. 'काळी माणसे कुठे आहेत?' हे विचारलेच पाहिजे. चुकले ते आमचे उत्तर. कलेस जात नसते असे म्हणून प्रश्न मिटविणे हे ज्यास जातीचा चटका बसलेला नाही त्यालाच परवडते. पुढील वर्षी तोच विषय पुन्हा येईल तेव्हा 'कृतज्ञ दरिद्री' आणि 'मंगलवार्ता' ही दोन चित्रे वर्गासमोर शेजारी शेजारी ठेवावयाची आणि आम्ही गप्प राहावयाचे, असे ठरविले आहे. दोन्हींत उजेड कोठून येतो एवढेच विद्यार्थ्यांस विचारू.